तफीदाचे नाव

मित्रांनो, मी एक जुना पितळी शिक्का आहे, करंगळीच्या पेराएवढा. माझ्या तोंडावर एका बाईचे नाव उलटे कोरलेले होते. कागदावर टेकले की ते सुलटे उमटायचे: तफीदा. आता ते तिथे नाही. ते कसे गेले, तेच सांगायचे आहे.

माझा जन्म इजिप्तमधल्या दमिएत्ता शहरातला, नाईलच्या काठचा. तफीदाचा नवरा शुक्री खुर्च्या-पलंग बनवणारा सुतार होता. तो छातीच्या दुखण्याने अचानक गेला. पदरात सबरी आणि नजाह ही दोन लेकरे, आणि पेन्शनच्या कागदावर सही हवी. तफीदाला लिहिता येत नव्हते. म्हणून मी आलो. काळ्या दोऱ्यात ओवून तिने मला गळ्यात घातले.

पोरांच्या शाळेचे अर्ज, नजाहच्या लग्नाचे आणि पुढे काडीमोडाचेही कागद, सगळ्यांवर मी उमटलो. पण प्रत्येक कागद ती आधी कोणाकडून तरी दोनदा वाचवून घ्यायची. "मी आंधळी नाही रे बाबा, अक्षरांशी ओळख नाही एवढंच," असे म्हणायची. पेन्शनच्या खिडकीतला कारकून तिला म्हणे, "सबरीची आई, शिक्का मारावा तर तुम्ही! बाकीचे कागदाला नुसती शाई पाजतात." मी छातीवर डुलत घरी यायचो.

मग तिला सत्त्याहत्तरावे लागले. घेवड्याच्या उसळीत मीठ दोनदा पडू लागले. काडीमोडानंतर तिच्याजवळच राहणाऱ्या नजाहला ती आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागली. डॉक्टर म्हणाले, "हे विसरणं वाढतच जाणार." त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मला स्वतःची मर्जी नाही, मित्रांनो. मला जो दाबेल, त्याच्यासाठी मी 'तफीदा' असेच म्हणणार. तिला ठाऊक असो वा नसो.

सबरी कैरोत राहत असे. एका शुक्रवारी तो मासळी घेऊन आला आणि म्हणाला, "आई, तुझ्या घराला गिऱ्हाईक आलंय. विकून टाकू. तू माझ्याकडे चल."

"सहाव्या मजल्यावर? लिफ्ट चालते का आता?"

"कधी कधी."

"मग मीही कधी कधी येईन!"

तो हसला, पण विक्रीचा कागद त्याच्या खिशातच राहिला.

पुढच्या शुक्रवारी दुपारी नजाह गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली होती. तफीदाच्या डोळ्यांत धुके उतरले होते. सबरीने कागद पुढे ठेवला, तशी ती हसून म्हणाली, "शुक्री, आलास? जेवलास का?" तिने दोरा काढला आणि मला त्याच्या तळहातावर ठेवले.

त्याने मला शाईत बुडवले. माझे तोंड ओले झाले. कागद दोन बोटांच्या अंतरावर होता. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो! तो मला खाली आणेना आणि बाजूलाही ठेवेना.

"दादा!" दारात नजाह उभी होती. "ती तुला बाबा समजतेय, आणि तू तिच्याकडून कागद करून घेतोस?"

"मग काय करू?" सबरीचा आवाज फुटला. "तुझी पाठ मोडलीय तिला उचलून. घर विकलं तर मदतीला बाई तरी ठेवता येईल. तू किती दिवस पुरशील?"

नजाह येऊन आईशेजारी बसली. त्याने मला हळूच टेबलावर ठेवले आणि तो तोंड धुवायला गेला.

संध्याकाळी तफीदा भानावर आली. माझ्या तोंडाला शाई दिसली. "आज मी काय छापलं?" तिने विचारले. सबरीने मान खाली घालून सगळे सांगितले. ती त्याच्यावर रागावली नाही. तिला भीती वाटली ती स्वतःची. बराच वेळ ती मला चोळत राहिली. मग म्हणाली, "उद्या डोकं ठिकाणावर असलं तर सकाळीच वकिलाकडे. दोघेही चला."

दुसऱ्या दिवशी ते ठिकाणावर होते. वकील वजीहसाहेबांनी तिला एकटीला बसवून वार, महिना, पोरांची नावे विचारली. ती म्हणाली, "साहेब, माझं मीठ चुकतं, माणसं नाही. निदान आज तरी नाही."

मग तिने सांगितले आणि त्यांनी लिहिले. घर दोन्ही लेकरांच्या नावावर निम्मे निम्मे; पण तिच्या शेवटच्या श्वासापर्यंत तिथे राहण्याचा हक्क तिचा. घराखालचा शुक्रीचा सुतारकामाचा कारखाना भाड्याने द्यायचा आणि त्या भाड्यातून मदतीला बाई ठेवायची. पेन्शन नजाहने आणायची. पुढे कोर्टाला तिच्यासाठी पालक नेमावा लागला, तर तोही नजाहच.

"आई, वारशात मुलाला तर मुलीच्या दुप्पट वाटा असतो," सबरी पुटपुटला.

"तो मेलेल्या आईचा हिशेब. मी अजून बसलेय समोर."

वजीहसाहेबसुद्धा हसले. कागद वाचून झाल्यावर सबरीनेच तिला चहा आणून दिला.

सरकारी नोंदणीच्या टेबलावर तिने मला वापरले नाही. कारकुनासमोर अंगठा उठवला. परतताना ती तांबटाच्या दुकानात शिरली आणि मला पुढे केले. "याचं तोंड घासून टाक."

"आई, बाबांच्या नंतरची एवढी वर्षं..." नजाहने माझा दोरा धरला.

"अंगठा हाताला चिकटलेला आहे, बाई. तो न्यायचा तर मला सोबत न्यावंच लागेल. हा मात्र एकटाच कुठेही जाईल."

कानस फिरू लागली. आधी शेवटचे अक्षर गेले, मग बाकीची. मला दुखले, हे खोटे कशाला सांगू? पण महिनोन्महिने आत चाललेली तडफड त्या घासण्याबरोबर थांबली.

आज तफीदा स्वतःचे नावही विसरली आहे. पण ती आपल्याच खिडकीत बसते. मदतीची बाई तिला न्हाऊ घालते, नजाहची पाठ सरळ झाली आहे आणि सबरी दर शुक्रवारी येऊन आईची नखे कापतो. मी मुका होऊन तिच्या गळ्यात आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी म्हातारे होत असेल. त्यांनी कुठे राहायचे, त्यांचे कोणी करायचे, हे त्यांनाच विचारायला तुम्हाला अवघड वाटेल. तरी विचारा. उत्तर देणारे माणूस घरात आहे तोवर विचारा.