चारशे सतरा नंबरचं झाकण

संपाला दीड वर्ष झालं, तरी दत्ताराम रोज सकाळी सातला डबा घेऊन लालबागच्या चाळीतून बाहेर पडायचा. फरक इतकाच, की गिरणीऐवजी तो कल्याणपलीकडच्या माळावर जायचा. तिथं लढाईच्या वेळी गोऱ्यांनी विमानतळ केला होता. आता धावपट्टीत बाभळी माजल्या होत्या आणि भंगारवाले जमीन उकरून पितळ काढत होते. दत्ताराम शोधत होता एका हत्यारपेटीचं झाकण.

काम दिलं होतं ठाकूरद्वारच्या हेरंब साहेबांनी. त्यांचे काका रघुवीर त्या विमानतळावर मेकॅनिक होते. चव्वेचाळीस साली शेडला आग लागली, काका गेले आणि जळक्या शेडचा राडारोडा शेजारच्या खड्ड्यात लोटला गेला. काकांच्या बायकोला, आनंदीबाईंना, त्यांची हत्यारपेटी बघायची होती. "झाकणावर ४१७ नंबर ठोकलेला असेल," एवढंच साहेब बोलले. ते ज्या कारखान्यात अधिकारी होते तिथं फिटरची जागा रिकामी होती. "आधी हे करा, मग बघू," असंही म्हणाले. या 'मग बघू'वर माणूस किती दिवस काढतो, ते गिरणगावाला विचारावं. दत्तारामनं एकवीस दिवस काढले.

एकविसाव्या दिवशी पहारीला पत्रा लागला. ॲल्युमिनियमचा, मातीनं काळवंडलेला, वर कसलेसे काळे फराटे आणि कोपऱ्यात ४१७. दत्ताराम घळाघळा रडला.

बावीस वर्षं गिरणीत फिटर होता तो. नवा असताना त्यानं एकदा मळका पार्ट साहेबाच्या हातात दिला होता आणि अख्ख्या खात्यादेखत शिव्या खाल्ल्या होत्या. तेव्हापासून रॉकेलनं धुऊन लखलखीत केल्याशिवाय एकही पार्ट त्यानं कुणाला दिला नाही. घरी येताच त्यानं स्टोव्हचं रॉकेल ओतून घेतलं.

"आता जेवान कशार करू?" बायको, मंजुळा, करवादली.

"गप ऱ्हव गो. नोकरीचा काम आसा."

दोन तास तो पॉलिश पेपरनं घासत होता. हातांना काम मिळालं होतं, आणि किती दिवसांनी तो गुणगुणत होता.

दुसऱ्या दिवशी ठाकूरद्वारला आनंदीबाईंनी झाकण हातात घेतलं. साठीला टेकलेल्या बाई. उलटंपालटं करून त्यांनी ते खिडकीकडे धरलं.

"यावर नाव होतं ना?"

हेरंब साहेबांचा चेहरा उतरला. "तुम्ही घासलंत हे?"

"मळका पार्ट मी देत नाही, साहेब."

साहेबांनी कपाळाला हात लावला. घरातली गोष्ट परक्याला कशाला, म्हणून त्यांनी नावाचं सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. काकांनी छावणीत कुणी बाई ठेवली होती, असं घरातले एकोणचाळीस वर्षं बोलत आले होते. आणि काकूंपाशी काकांचं शेवटचं पत्र होतं, की पेटीवर मी तुझं नाव रंगवलंय. ते खरं की खोटं, एवढंच त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

"तुम्ही पाहिलं असेल की," आनंदीबाई म्हणाल्या. "माझंच होतं ना?"

दत्तारामनं फक्त मळ पाहिला होता. तो खोटं बोलला. दयेनं बोलला की नोकरीसाठी, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"व्हय, बाई. तुमचंच. आनंदी."

"मराठीत?"

"मराठीत. मोठ्या अक्षरांत."

आनंदीबाईंनी झाकण हळूच टेबलावर ठेवलं.

"इंग्रजीत लिहिलं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "पत्रात तसं आहे."

मग हेरंबकडे वळून त्यांनी सांगितलं, "यांना चहा दे."

चहा आला. दत्तारामनं मान खाली घालून तो संपवला. नोकरीचं विचारायला त्याला तोंड उरलं नव्हतं.