पाचव्या लाइननंतर

डेल्बर्टने कॉम्प्रेसरची नळी पितळी तोटीला बसवली, एक हिसका देऊन पाहिला आणि बायकोला हाक मारली.

"आर्डिस, डब्यापाशी जा. मी म्हणेन तेव्हाच बटण दाबायचं. आगाऊपणा नको."

"पन्नास वर्षं हेच ऐकतेय," आर्डिस म्हणाली आणि गॅरेजच्या भिंतीवरच्या फवाऱ्यांच्या बटणांच्या डब्यासमोर जाऊन उभी राहिली. दार तिने उघडंच ठेवलं. तिथून तो दिसत होता.

सकाळीच रेडिओवर सांगितलं होतं, आज रात्री सगळं गोठणार. हिरवळीखाली पुरलेल्या नळ्यांत घोटभर पाणी राहिलं तरी त्याचा बर्फ फुगतो आणि नळी चिरते. म्हणून ऑक्टोबरात हेस्टिंग्जच्या गल्ल्यांतून कॉम्प्रेसरची घरघर चालते आणि फवाऱ्यांच्या लाइनी हवेने फुंकून कोरड्या केल्या जातात. बाकीचे लोक त्यासाठी माणूस बोलावतात. डेल्बर्टच्या अंगणात परका माणूस? छे! नेब्रास्काच्या मक्यात पाव-पाव मैलाचे फिरते फवारे उभे करण्यात ज्याची उमर गेली, तो आपल्या घरचे फवारे दुसऱ्याच्या हाती कसले देतोय!

पण ऑगस्टात तो शेगडी पेटती ठेवून फिरायला गेला. सप्टेंबरात औषधाच्या दुकानाबाहेर दोन तास गाडी शोधत राहिला. ती गाडी विकून चार वर्षं झाली होती. काल ओमाहाहून लेक जोलीन आली ती कागद घेऊनच. आठवण हरवत चाललेल्या माणसांना सांभाळणारं एक घर होतं, तिथे जागा झाली होती.

"आई, तू एकटी किती पुरी पडणार?" लेकीने विचारलं होतं.

तेव्हा आर्डिस इरेला पेटली. म्हणाली, उद्या त्याने फवारे न चुकता फुंकले तर कागद परत घेऊन जा. चुकला तर मी सही करीन. असली पैज कुणी लावतं का? पण बुडणाऱ्याला काडीचा आधार, त्यातली गत.

"एक!"

तिने बटण दाबलं. फवारे जमिनीतून डोकी वर काढून थुंकू लागले. आधी पाणी, मग तुषार, मग नुसती हवा. डेल्बर्ट वाकून तळवा पुढे धरून होता.

"बंद! दोन!"

तळघरातला मोठा कॉक त्याने स्वतः बंद केला होता. हवेचा काटा पन्नासवर आणून ठेवला होता. जोलीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. अखेर तिला राहवलं नाही, ती बाहेर आली.

"बाबा, दाब जास्त नाही ना झाला?"

"पोरी, तू दुपट्यात होतीस तेव्हापासून हे करतोय. आत जा, चिलीचा रस्सा लागेल खाली. आणि दालचिनीचे रोल करपवलेस तर मला तोंड दाखवू नकोस."

जोलीन हसली. आत जाताना गॅरेजपाशी थांबून हळूच म्हणाली, "आई, सगळं नीट करतोय गं तो."

"मग? सांगत काय होते मी!"

आर्डिसचा जीव भांड्यात पडला. तीन झाली, चार झाली. पाचवी मागच्या कुंपणालगतची, तीही कोरडी झाली. "बंद!" असा आवाज आला आणि तिने डबा मिटायला हात उचलला.

"सहा!"

तिचा हात तसाच राहिला.

या घराला पाचच लाइनी होत्या. सहावी होती मॅककुक गावातल्या जुन्या घराला, सफरचंदाच्या झाडांखाली. ते घर सोडून बावीस वर्षं लोटली होती.

तिने मागे पाहिलं. जोलीन आत बशा मांडत होती, तिने काही ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं. आर्डिसने पाचचंच बटण पुन्हा दाबलं.

"सहा चालू!" आवाज तिने अगदी नेहमीचा ठेवला.

डेल्बर्ट घराच्या दुसऱ्या बाजूला तोंड करून उभा होता. तिथे शेजाऱ्यांचं कुंपण होतं, बाकी काही नव्हतं. फसफस मागून ऐकू आली तसा तो वळला. चालत गेला, गुडघ्यावर बसला, तळवा पुढे धरला. तळव्याला पाण्याचा थेंब लागला नाही. तो तळव्याकडे बघत राहिला. मग त्याने कुंपण पाहिलं, छप्पर पाहिलं, गॅरेज पाहिलं, चुकून भलत्याच घरात शिरलेला माणूस पाहील तसं. उठून त्याने कॉम्प्रेसर बंद केला.

"आर्डिस, ही पाचच आहे."

"हो."

"इथे सहावी नाहीच?"

तिला खोटं बोलायचं होतं. तोंड उघडलं तर खरंच बाहेर आलं.

"ती मॅककुकला होती, डेल."

"सफरचंदांखाली."

"हो रे."

त्याने नळी सोडवली. तोटीवरचे बारके कॉक अर्धे उघडे ठेवले, जसे ठेवायचे असतात तसेच. तोवर ती त्याच्याजवळ आली होती.

"जोलीनला कळलं?" त्याने विचारलं.

"नाही. आणि कळणारही नाही. नळ्या कोरड्या झाल्या ना? मग झालं तर! कोण विचारतंय पाच का सहा?"

"तुमची पैज ऐकली होती मी काल. भिंती पातळ आहेत आपल्या."

आर्डिसला रडू फुटलं. त्याने तिचा दंड धरला, घट्ट, पडणाऱ्याला सावरावं तसा.

"तू काही बोलू नकोस. तिला मी सांगतो," तो म्हणाला. "फक्त सही आत्ता कर. जेवणाच्या आधी कर. जेवून उठेपर्यंत मी हे विसरून गेलेलो असेन, आणि मग मी तुला करू देणार नाही."