आप्पांनी पाणी गाळलं

आजचं रीडिंग जुळलं की क्षमाची पीएचडीतून सुटका होणार होती. मुदतवाढी संपल्या होत्या आणि ‘कधी संपणार?’ असं विचारून निपाणीचे नातेवाईकसुद्धा दमले होते. बेळगावच्या कॉलेजातली ती प्रयोगशाळा, ती तापलेली तांब्याची नळी, सगळ्याचा तिला वीट आला होता. पाण्यात ॲल्युमिनाची अतिसूक्ष्म पूड मिसळली की ते नळीतून वाहताना साध्या पाण्यापेक्षा जास्त उष्णता उचलतं, एवढंच तिच्या मार्गदर्शक सरांना दाखवायचं होतं.

पूड मिसळलेल्या दुधाळ पाण्याचा कॅन जड होता. सोबत आलेले तिचे वडील, श्रीपालआप्पा, म्हणाले, “तू बस गं जरा. मी वततो टाकीत.” ती बसली आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला.

सर आले, पंप सुरू झाला. आकडे बघून सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नळी साध्या पाण्याने निवते तेवढीच निवत होती. क्षमाने टाकीत डोकावलं, तर पाणी जवळजवळ नितळ. आप्पांच्या हातात दुपदरी ओलं फडकं होतं.

“आप्पा, गाळलासा काय?”

“व्हय. न गाळता पाणी कसं वतायचं?”

जैनाघरची रीत ती. फडक्यावर राहिलेलंही त्यांनी परत कॅनमध्येच खळबळून सोडलं होतं, पाण्यातले जीव जिथले तिथं जावेत म्हणून.

सर हसले. “मग काय बिघडलं? कॅनमधलं ओता, ढवळा, लगेच रीडिंग घेऊ. मी सही करतो.”

मोह झाला, का नाही होणार? पण इतकी बारीक पूड फडक्याला दाद देत नाही, आरपार जाते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अडकली, म्हणजे तिच्या गुठळ्या झाल्या होत्या. ढवळून आज आकडा आला असता, पण पुढं कुणाची तरी नळी तुंबली असती. आणि मिश्रण गुठळ्या न होता टिकतं, असं तिने प्रबंधात ठासून लिहिलं होतं.

“नको सर,” ती म्हणाली. “हे टिकत नाही. पुन्हा बनवावं लागेल.”

“म्हणजे आणखी वर्ष. तेही मिळालं तर.” सर पेन खिशाला लावून निघून गेले.

आप्पांचा चेहरा उतरला. “माझ्यामुळं घोटाळा झाला का गं?”

“न्हाय आप्पा. चूक माझीच हुती. तुमच्यामुळं कळली.”

“मग बरं झालं म्हणायचं का वाईट?”

क्षमाला खरंच सांगता येईना. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि इतक्या वर्षांचं एकदाच रडून घेतलं.