डाव्या कुशीवर

मालनबाईच्या हृदयाची झडप आवळली आहे, हे तालुक्याच्या, अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलंच होतं. नगरच्या मोठ्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला. झडपेपाशी गाठही असावी, म्हणाले. डाव्या कुशीवर झोपवलं की आत धप्प वाजायचं. उठून बसवलं की आवाज बदलायचा आणि तिला घेरी यायची.

"असा पेशंट जन्मात एकदा मिळतो," ते तिच्या नवऱ्याला, कानिफनाथला म्हणाले, जणू त्याला मुलगा झाला होता.

"मंग मुंबईला कवा धाडता? आपरेशन तितंच हुतंय म्हनला."

"रविवारी डॉक्टरांची बैठक आहे. तिथं यांना दाखवायचंय, तेवढी होऊ द्या."

बैठकीआधीच दवाखान्यात तिच्या खाटेपाशी रांग लागली. संगमनेरचे डॉक्टर आले, श्रीरामपूरचे आले, एक दातांचेही आले. प्रत्येकाचं एकच, "बाई, कुशीवर व्हा. आता उठा."

"शिर्डीत बाबाला बी इतकं कुनी उठवत नसंल," मालनबाई धापा टाकत म्हणाली.

"मंग न्हाई म्हन की," कानिफनाथ म्हणाला.

"पाव्हनं हायेत अवं. च्या तरी पाजा त्यास्नी."

घरी आलेल्याला तिनं कधी चहावाचून जाऊ दिलं नव्हतं. कानिफनाथ किटली घेऊन हिंडू लागला.

रविवारी बैठकीत टाळ्या झाल्या. संध्याकाळच्या मुंबईच्या गाडीसाठी कानिफनाथनं पिशवी भरली. तेवढ्यात एक डॉक्टर धावत आले. त्यांची एस.टी. चुकली होती. कानिफनाथनं पुन्हा किटली उचलली.

"एकदाच, बाई."

मालनबाई कुशीवर वळली. त्यांनी ऐकलं, मान डोलावली. "आता बसा."

ती उठून बसली, पदर सारखा केला आणि कानिफनाथच्या अंगावर कलली. धावाधाव झाली, पण ती परत आली नाही.

"गाठीनं झडपेचं तोंड बंद केलं," मोठे डॉक्टर म्हणाले. "मी बैठकीत म्हणालोच होतो." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "हृदय आम्हाला ठेवता येईल? शिकणाऱ्यांना उपयोग होईल."

किटली अजून कानिफनाथच्या हातातच होती.

"न्हाई."

"शांतपणे विचार करा."

"न्हाई, साहेब. च्या संपला."

गावी बाया तिला न्हाऊ घालत होत्या. जाऊबाई रंगुबाई म्हणाली, "जरा कुशीवर घ्या गं, पाठ ऱ्हायली."

"ऱ्हाऊ द्या," कानिफनाथ दाराबाहेरून म्हणाला. "उतानीच असू द्या. लई वळवली तिला."