टॅम्सिनच्या बागेतल्या गोगलगाई मी का खाल्ल्या नाहीत

"पोरी, त्या विषाच्या हिरव्या गोळ्या टाकू नकोस. गोगलगाई खायला स्टंपीची जोडी आहे ना," कुंपणापलीकडून म्हातारा डेस म्हणाला होता.

"डेस, डब्यावर कुत्र्याचं चित्र आहे. प्राण्यांना काही होत नाही," बाळाला कडेवर सावरत टॅम्सिन हसली.

"मग कुत्र्यालाच सांग गोगलगाई खायला."

मित्रांनो, त्या जोडीतली मी. मी एक म्हातारी सापसुरळी आहे. माझी शेपटी इतकी बोथट, की डोकं कुठल्या बाजूला ते मांजरालाही कळत नाही. म्हणून मरे नावाच्या नदीकाठच्या या गावात आम्हाला स्टंपी म्हणतात. दर वसंतात आम्ही त्याच जोडीदाराकडे परततो.

टॅम्सिनने हिरवळ उखडून इथल्या मातीतली झाडं लावली. सॉल्टबुशखाली आम्हाला सावली, एमूबुशच्या फुलांवर मधपक्षी, उन्हाला सपाट दगड. "बघ, आपले माळी आले," असं ती बाळाला सांगायची. मला ते फार आवडायचं.

पण कोवळी रोपं कुरतडली जाऊ लागली, आणि तिने गोळ्या टाकल्याच. त्या खाऊन सुस्तावलेल्या गोगलगाई माझ्या जोडीदाराने खाल्ल्या. तो मेल्यावर मी त्याच्याजवळ बसून राहिले, त्याला जिभेने चाटत राहिले. मुंग्या आल्या तरी हलले नाही. डेसने त्याच्या तोंडाजवळचे फुटके शंख दाखवले तेव्हा टॅम्सिन रडली. रडू दे.

पोटातल्या पिल्लांसकट मी रस्त्याकडून वळसा घालून डेसच्या सरपणात राहायला गेले. पाऊस पडला, गोळ्या विरघळल्या आणि गोगलगाई तिच्या बागेवर तुटून पडल्या. कुंपणाखालच्या फटीतून मी बघत होते. एकेक रोप आडवं होत होतं आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

तिने उरलेल्या गोळ्या फेकून दिल्या. माझ्यापुढे स्ट्रॉबेरी ठेवून म्हणाली, "ये ना गं परत."

मी निळी जीभ काढून फुसफुसले.

"रुसलीय ती," डेस म्हणाला. "माझी बायको अशीच बघायची. आणि चूक माझीच असायची."

मी अजून माफ केलेलं नाही. पण माझं एक पिल्लू, बापासारखंच हावरट, फटीतून तिच्या बागेत गेलं आहे. सॉल्टबुशखाली राहतं, गोगलगाई खातं. तिची रोपं पुन्हा उभी राहत आहेत, आणि ती माझ्याच लेकराने राखलेली.

त्या फटीत माझं अंग मावत नाही. मित्रांनो, तिकडून गेलात तर जरा वाकून बघा. मातीवर हिरवं काही पडलेलं नाही ना, आणि माझं पिल्लू हलतंय ना.