आमटीवरची तर्री

नानासो जतचा, जयराज पाटणचा, आणि दोघंही सांगलीकडच्या एका तुरुंगात जन्मठेपेला. असली माणसं एकमेकांचं डोकं फोडतात म्हटल्यावर ऐकणाऱ्याला वाटतं, कारण केवढं मोठं असेल. कसलं डोंबलाचं कारण. मटकीची आमटी वाढायला जयराज असायचा. पाटणकडच्या कैद्यांना तो वरची लालभडक तर्री वाढायचा आणि जतवाल्यांना तळाचं पाणी. सोमवारी नानासोचं डोकं फिरलं आणि त्यानं जयराजला ताटलीच हाणली.

हाणली ती नेमकी स्वतःच्या पोरीचं लग्न तोंडावर आलेलं असताना. मंजूर झालेल्या पॅरोलवर तुरुंगाच्या साहेबांची सही तेवढी राहिली होती, ती अडली.

कैदी का भांडतात याचा अभ्यास करणाऱ्या त्रिशला मॅडम आल्या होत्या. साहेबांनी दोघांना त्यांच्यासमोर उभं केलं.

"तुमच्यात जुनं वैर आहे का?" मॅडमनी विचारलं.

नानासोला हायसं वाटलं. तर्रीसाठी मारलं म्हणायची लाज, मिशीवाल्या माणसाला वैर कसं शोभून दिसतं. "हाय की. लय जुनं," तो म्हणाला.

जयराजलाही तेच बरं वाटलं. "खानदानी हाय," त्यानं ठोकून दिलं. पाटण कुठं, जत कुठं. दोघांच्या खानदानानं एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

साहेबांनी पॅरोलचा कागद बाजूला सारला. "खानदानी वैर असलेला माणूस मी बाहेर सोडू? पॅरोल रद्द."

नानासोनं हात जोडले. "साहेब, खोटं बोललो. तर्रीवरनं झालं. हसू नका, म्याडम. आत आमचं समदं दुसरंच कोण ठरवतंय. ताटात काय पडतंय तेवढीच वाट बघायची, आन् तितंबी ह्यो मला परका धरतोय." त्याला रडू आवरेना.

साहेबांनी जयराजकडं पाहिलं. वाढपीपणामुळं अख्खी बराक जयराजला मान द्यायची. खरं बोललं की तो मान गेलाच. तरी तो पुढं झाला.

"खरं हाय, साहेब. वाढायचं काम काढून घ्या, पर ह्याला सोडा. माझ्या पोरीचं लगीन झालं तवा मी हितंच हुतो."

साहेबांनी सही केली. इतकी वर्षं एका बराकीत काढूनही जयराजला मुलगी आहे हे नानासोला ठाऊक नव्हतं.

"नाव काय रं तिचं?" त्यानं विचारलं.