अकरावं मत

सीमाभागातल्या वडगावात विणकरांच्या त्या गल्लीत वीज गेली आणि माग थांबले की माणसं दचकायची. आपलाच आवाज त्यांना परका वाटायचा. दुर्गाबाईला मात्र तसं कधी वाटलं नाही. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटावर चढ्या आवाजात बोललेली बाई ती. माग थांबला म्हणून ती हळू बोलेल, ही आशा तिच्या नवऱ्यानंही जिवंतपणी सोडून दिली होती.

मतदानाला पाच दिवस उरले होते. सकाळी वीज गेली आणि त्याच शांततेत तालमीची माणसं गल्लीत शिरली. पुढं परशराम, सत्तरीचा, कान अजून कुस्तीनं मुरगळलेले. मागं दहाबारा जण, सगळ्यांच्या गळ्यात तालमीचा पिवळा रुमाल. त्या तालमीत एकदा लंगोट बांधला की माणूस मरेपर्यंत तालमीचा. कुणी पुण्याला नोकरीला होता, कुणी हुबळीला दुकान टाकून बसला होता, पण मतदानाच्या आठवड्यात सगळे परत आले होते. कारण या खेपेला उभा राहिलेला अमृत तालमीचाच होता. विणकराच्या घरातला होता, आणि मराठी बोलणारा होता.

परशरामच्या हातात पितळी ताट होतं. ताटात भंडारा आणि बेलाची पानं. पूर्वापार रीत अशी, की घरातल्या मोठ्या माणसानं भंडारा कपाळाला लावायचा, बेलाचं पान उचलायचं आणि घरची किती मतं देणार ते देवाच्या साक्षीनं सांगायचं. एकदा सांगितलं की मागं फिरायचं नाही. फिरलं तर ते घराला बाधतं, असं सगळी गल्ली मानायची.

दुर्गाबाईच्या उंबऱ्याशी परशराम थांबला. "आक्का, पहिला मान तुमचा."

"मान माझा न्हाय, त्याचा हाय," भिंतीवरच्या फोटोकडं हात करत ती म्हणाली. फोटो सुबरावचा. मराठीच्या आंदोलनात सतरा दिवस हिंडलग्याच्या जेलात बसून आलेला तिचा नवरा. तालमीत सुबरावचं नाव अजून पहिलवान म्हणून कमी आणि जेलात गेलेला म्हणून जास्त निघायचं, आणि त्या नावावर दुर्गाबाईनं सबंध गल्लीला आजवर धाकात ठेवलं होतं.

तिनं भंडारा लावला. पान उचललं. "अकरा," म्हणाली.

परशरामनं मतांच्या वहीत बघितलं. मग जरा घोटाळला. "अकरा व्हय? धाकट्या सूनबाई धरून?"

"मग? तिला काय टाकून देऊ? माझ्या घरात जेवती, माझ्या मागावर बसती. तुझ्या वहीत शंका येती, माझ्या घरात न्हाय येत."

माणसं हसली. परशरामनं अकरा लिहिलं आणि ताट पुढच्या घराकडं गेलं.

धाकटी सून सौम्या तेव्हा आतच होती. मागावरचा ताणा, म्हणजे उभे दोरे, संपला होता आणि ती जुन्या दोऱ्यांच्या टोकांना नव्या ताण्याचे दोरे जोडत बसली होती. एकेक दोरा उचलायचा, चिमटीत पीळ द्यायचा, सोडायचा. हजारो दोरे. एवढं बारीक काम घरात तिच्याइतकं कुणाला जमत नव्हतं. ती चिकोडीकडची. जात एकच, धंदा एकच, भाषा मात्र कानडी. नागेंद्रशी लग्न होऊन बारा वर्षं झाली, मराठी ती आता घरच्यासारखी बोलायची, पण सासूला हाक मारायची ती कानडीतच, 'अत्ती' अशी. दुर्गाबाईलाही ते आवडायचं, कधी बोलून दाखवलं नव्हतं एवढंच.

बोटं चालू ठेवूनच सौम्या म्हणाली, "अत्ती, माझं मत तुम्ही दिलंसा?"

"घराचं दिलं."

"मला विचारलं न्हाईसा."

"आजवर कुणाला विचारलंय? मोठ्या सुनंला विचारलं? नागेंद्रला विचारलं?"

"त्यांचं ते बघतील. मी माझं विचारतेय."

दुर्गाबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. कुणाच्या घरात आलीस, कुणाचं नाव लावतीस, बारा वर्षांत कधी परकी म्हटली का तुला. सौम्यानं सगळं ऐकून घेतलं. हातातला दोरा जोडून झाल्यावरच तिनं मान वर केली.

"मागच्या सोमवारी तालमीपुढं सभा झाली. तुम्हीच मला नेलासा. पहिल्या रांगेत बसवलासा. तो बोलणारा काय म्हणाला? 'ह्या कानडी लोकांचा विश्वास धरू नका, ताटात जेवून ताटात थुंकणारी जात ती.' मी तुमच्या शेजारी बसलेले, अत्ती. आणि तुम्ही टाळ्या वाजिवलासा."

दुर्गाबाईला ती सभा आठवली. टाळ्या वाजवल्या होत्या. सगळ्यांनी वाजवल्या म्हणून वाजवल्या होत्या. त्या वेळी शेजारी कोण बसलंय हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

"तो अमृतदादा न्हवता, दुसरा कोणतरी होता," ती म्हणाली.

"अमृतदादा मागं खुर्चीवर बसून हसत होते." सौम्यानं पुन्हा दोरा उचलला. "मी अजून ठरवलं न्हाई. त्यांना देईन बी कदाचित. शाळेपुढचं गटार त्यांनीच करून घेतलं. खोटं बोलायचं असतं तर 'देते' म्हटलं असतं. आत बटण कुठलं दाबलं कोण बघतंय? पण तुम्ही देवाचं उचललंय. माझं मत दुसरीकडं पडलं तर तुमची शपथ मोडती. ते माझ्यानं होणार न्हाई. आणि भीतीनं मत देणं बी होणार न्हाई."

दुपारी नागेंद्र जेवायला आला तेव्हा आईनं त्याला सांगितलं. तो हात धुता धुता म्हणाला, "त्यात काय एवढं? मी सांगतो तिला. ऐकंल."

"तू गप जेव," दुर्गाबाई म्हणाली. "तुला तुझंच मत कुणी सांगितलं ते ठाऊक न्हाय, तिला काय सांगतोस?"

पण नवऱ्याच्या फोटोकडं बघायचं ती दिवसभर टाळत होती.

सुबराव जेलातनं आला तेव्हा त्यानं एकच गोष्ट तिला सांगितली होती, तीही फक्त एकदा. चौदाव्या दिवशी साहेबानं कागद आणला होता. चुकलो, पुन्हा आंदोलन करणार नाही, असं लिहिलेला. एकानं सगळ्यांच्या वतीनं सही करावी आणि सगळ्यांनी घरी जावं. तालमीतल्या एकानं केली. बाकीचे सुटले. सुबरावनं ती सही आपली मानली नाही, तो एकटा मागं राहिला, आणखी तीन दिवस. "माझ्या भाषेसाठी आत गेलो," तो म्हणाला होता, "आणि माझं तोंडच दुसऱ्यानं चालवायचं म्हणजे काय?" सही कुणी केली हे त्यानं दुसऱ्या कुणाला कळू दिलं नव्हतं. दुर्गाबाईला ठाऊक होतं.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून, चिमूटभर भंडारा आणि बेलाचं पान केळीच्या पानावर घेऊन ती तालमीत गेली. तालमीत बाया जात नाहीत. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत लाल मातीच्या कडेला पिवळे रुमालवाले मतदारांच्या चिठ्ठ्या लावत बसले होते.

"परशराम, बाहेर ये."

तो आला. मागनं बाकीचेही आले.

"मी अकरा उचलले होते. दहा धर. एक माझं न्हवतं."

परशरामनं आधी हसण्यावारी नेलं. "आक्का, मतांचं काय वाणसामान हाय व्हय, परत करायला?"

"देवाचं हाय म्हणूनच परत कराय आले. खोटं ठेवून घेऊ का घरात?"

मागनं कुणीतरी पुटपुटलं, "सुनंनं वाकिवली म्हातारीला." दुर्गाबाईनं तिकडं बघितलं. "वाकिवली. तुझ्या आईला वाकवाय कुणी न्हाय, म्हणून तू असा निपजलास." मग आवाज खाली आणून ती परशरामला म्हणाली, "सभेत तिच्या माणसांला थुंकणारी जात म्हटलं. ती माझ्या शेजारी बसली होती. मी टाळ्या वाजिवल्या. तवा मला तिचं मत मागायचा बी अधिकार राहिला न्हाय, मग उचलायचा कुठला?"

परशरामही गंभीर झाला. "आक्का, एका मताचं दुःख न्हाय. पण तुमच्या दारातनं एक फिरलं की गल्लीतनं वीस फिरतील. आपला माणूस पडंल. इतक्या वर्सांनी एक आपला उभा राहिलाय. आणि हे कुणाच्या घरातनं? सुबरावच्या?"

"व्हय, सुबरावच्या," ती म्हणाली. "जेलात एकानं सगळ्यांच्या नावानं सही केली, तवा सुबराव काय म्हणाला, ठाऊक हाय तुला?"

मागची माणसं कान टवकारून उभी होती. परशरामचा चेहरा मातीसारखा झाला. ओठावर आलेलं नाव दुर्गाबाईनं गिळलं. नवऱ्यानं इतकी वर्षं झाकलेलं ती उघडं करणार नव्हती.

"ठाऊक हाय," परशराम हळूच म्हणाला. त्यानं वही उघडली, अकरावर काट मारली आणि दहा लिहिलं. दुर्गाबाईनं केळीचं पान उंबऱ्यावर ठेवलं, हात जोडले आणि मागं न बघता घरी आली.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर तालमीचं टेबल होतं. घरच्या दहा चिठ्ठ्या मिळाल्या, सौम्याची नाही. टेबलावरचा म्हणाला, "त्यांची आमच्याकडं न्हाय."

"मतदार न्हाय व्हय ती? का तुमच्या वहीतनं गेली म्हणून देशातनं बी गेली?" दुर्गाबाई कडाडली.

पाठीमागून परशराम उठला, गठ्ठ्यातनं चिठ्ठी शोधून काढली आणि स्वतः सौम्याच्या हातात दिली. सासू-सून एकाच रांगेत उभ्या राहिल्या, ऊन डोक्यावर येईपर्यंत. बाहेर आल्यावर सौम्याच्या बोटावर शाई होती. रिक्षाची वाट बघताना ती म्हणाली, "अत्ती, सांगू?"

दुर्गाबाईची जीभ वळवळली. जन्मात तिनं एवढा मोठा घास कधी गिळला नव्हता.

"नगं," ती म्हणाली. "तुझं तुझ्याजवळ असू दे."

अमृत पडला. फार नाही, चारशे मतांच्या आत. गल्लीनं हिशेब केला आणि बोट एकाच दाराकडं दाखवलं. नळावर बाया दुर्गाबाईला जागा द्यायच्या, बोलायच्या नाहीत. आषाढात ग्रामदेवी मंगाईची जत्रा आली. जत्रेच्या दिवशी सुबरावच्या घरी तालीम जेवायला बसायची, तो गेल्यावरही कधी चुकलं नव्हतं. दुर्गाबाईनं नेहमीसारखा वीस माणसांचा स्वयंपाक केला. सौम्या आणि मोठी सून पोळ्या लाटत होत्या. दोन वाजले, अडीच वाजले. कुणी आलं नाही.

"वाढून घ्या गं," दुर्गाबाई म्हणाली. "अन्न काय मतदान न्हाय, कुणाची वाट बघायला."

तेवढ्यात दारात परशराम उभा. एकटाच, गळ्यात रुमाल नाही. येऊन पाटावर बसला. सौम्यानं पान वाढलं. त्यानं दोन घास खाल्ले आणि तिसरा हातातच धरून बसला.

"आक्का, माझ्या घरचे मी सात उचलले होते. एकालाबी विचारलं न्हवतं."

दुर्गाबाईनं त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकली, वर तुपाची धार सोडली.

"मग आता घरी जाऊन विचार," ती म्हणाली. "आधी पोटभर जेव. रिकाम्या पोटी सुनांपुढं उभं राहशील तर पडशील."

सौम्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदर तोंडाला लावून ती हसली, आणि आत वळता वळता तिनं डोळे पुसले.